पीएनए (डीएनएला चिकटणारा कृत्रिम रेणू) घातलं तरी बॅमएचआय (डीएनए कापणारं एन्झाईम) दोन्ही जागी कापून राहिलं, मदत हवी आहे

जेलवाला_नागपूर: प्लाझ्मिडवर (गोल डीएनएवर) बॅमएचआयच्या दोन साइट, म्हणजे कापायच्या जागा आहेत, एकच कापायची आहे, दुसरी झाकायची आहे, म्हणून बिस-पीएनए (दोन पीएनए जोडलेलं, एक डीएनएशी जोडी लावते, दुसरं तिसरी साखळी म्हणून बसते) मागवलं, तरी जेलवर ३.८ आणि १.२ केबीचेच (हजार बेसचे) बँड दिसून राहिले. झाकलं गेलं असतं तर ५ चा एकच यायला पाहिजे ना. पीएनए वाढवूनही ढिम्म फरक नाही. सोमवारी गाईडला दाखवायचं आहे, पीएनए म्हणजे काय ते समजावू नका, काय बदलू तेवढं सांगा.

ऊन_४५: एन्झाईम बर्फात आलं होतं का? आपल्या इथं मे महिन्यात कुरिअरवाला डबा गाडीवर ठेवून जेवायला जाते, आमचं लायगेज असंच गेलं.

जेलवाला_नागपूर: भाऊ, एन्झाईम मस्त कापून राहिलं, तेच तर दुखणं आहे.

कोथरूडकर: साइट जीजीएटीसीसी, तिच्यात जीएटीसी येतंय ना, मग डॅम मिथायलेशन (डॅम एन्झाईम जीएटीसीवर मिथाइल गट लावतं ते) वापरा की, डॅमवाल्या जीवाणूच्या स्ट्रेनमधून प्लाझ्मिड काढा, साइट आपोआप झाकेल. पीएनएवर पैसे कशाला?

लॅबमावशी: बॅमएचआयला डॅम मिथायलेशनचं सोयरसुतक नाही, असो नसो, कापतं. अडतं ते बीसीएलआय, ते दुसरं कापणारं एन्झाईम. आणि अडलं असतं तरी दोन्ही साइट अडल्या असत्या, ह्याला एकच हवी आहे. जेलवाल्या, टार्गेट सिक्वेन्स काय? पीएनएत नुसता सी आहे की एका बाजूला जे (सीच्या जागी घालायचा बदललेला बेस)? आणि ट्यूबमध्ये काय आधी, काय नंतर?

जेलवाला_नागपूर: टार्गेट एएजीएएजीएजीजीए, त्याला लागूनच टीसीसी, म्हणजे अर्धी साइट पीएनएखाली येते. जे चं ऑर्डरच्या कागदावर पाहावं लागेल. आधी-नंतर काय मॅडम, प्लाझ्मिड, पीएनए, एन्झाईमचा बफर, वरून एन्झाईम, सगळं एकदम, ३७ ला एक तास.

लॅबमावशी: मग कसं बसेल ते! पीएनए दुहेरी डीएनएत शिरतं ते कमी मिठात, बॅमएचआयच्या बफरमध्ये साधारण १०० मिलिमोलर सोडियम क्लोराईड आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम, त्यात डीएनए घट्ट मिटलेला राहतो आणि पीएनए दारात उभं असेपर्यंत एन्झाईम दोन्हीकडे कापून मोकळं. आधी टीईमध्ये (कमी मिठाच्या साध्या बफरमध्ये) फक्त प्लाझ्मिड आणि पीएनए, ३७ ला तास-दोन तास, प्लाझ्मिड न कापलेलं, सुपरकॉइल्ड म्हणजे पीळ असलेलंच घे, त्यात शिरणं सोपं. मग बफर, मग एन्झाईम. एकदा बसलं की मीठ वाढलं तरी लवकर सुटत नाही. स्टॉक आधी ५५ ला दहा मिनिटं गरम कर, पीएनएचे गोळे होतात. आणि जे बघच, साध्या सीला तिसऱ्या साखळीत बसायला प्रोटॉन लागतो, टीईच्या ८ पीएचला तो मिळत नाही.

एलएनए_फॅन: एलएनए (डीएनएसारखाच दुसरा कृत्रिम रेणू) घ्या आणि सुटा. आम्ही सगळीकडे तेच वापरतो.

लॅबमावशी: तुम्ही वापरता ते प्रोब म्हणून, म्हणजे ठराविक सिक्वेन्स शोधायला, एकेरी साखळीवर. एलएनएचा कणा फॉस्फेटचाच, ऋणभार तसाच. पीएनएचा कणा अमाइडचा, भारच नाही, म्हणून तर ते घुसतं. १९९३ मध्येच कोपनहेगनच्या नीलसेन यांच्या गटाने पीएनएने रिस्ट्रिक्शन एन्झाईम अडवून दाखवलं होतं.

एलएनए_फॅन: १९९३ मध्ये एलएनए होतंच कुठे मॅडम, तुलना तरी कशी करणार.

कोथरूडकर: एवढं करण्यापेक्षा म्युटाजेनेसिस करून साइटच उडवा.

जेलवाला_नागपूर: प्रोजेक्टच पीएनएवर आहे हो सर, साइट उडवली तर मी काय उडवू? मॅडम, कागदावर जे आहे. टीईत आधी ठेवून केलं, आता ५ ला फिकट बँड आला, खालचे दोन अजून आहेत.

लॅबमावशी: फिकट आला म्हणजे थोडंफार बसतंय. बाइंडिंग रात्रभर ठेव. पण त्या ५ ची खात्री कर, न कापलेलं प्लाझ्मिड शेजारच्या लेनमध्ये चालव, आणि चुकीच्या सिक्वेन्सचं पीएनए घालून एक लेन. त्याशिवाय तुझा गाईड ऐकणार नाही, मीही नाही ऐकलं असतं.

ऊन_४५: जेलचा फोटो टाका ना. आणि ट्रान्सइल्युमिनेटरची ट्यूब सीताबर्डीत कुठं भेटते कोणाला माहीत आहे का, आमची गेली.