रंगवून आणलेल्या गाडीला बोल्ट लावताना गंज कसा रोखायचा?

वरळी_८००
मंडळी, मारुती ८०० चे पुढचे दोन्ही फेंडर, बोनेट आणि डिकी उतरवून रंगवून आणलंय. टू-के पीयू रंग (हार्डनर मिसळून लावायचा पॉलीयुरेथेन), भट्टी नाही, हवेवर सुकवलेला. आज सहावा दिवस. गाडी सी-फेसजवळ उघड्यावर असते. मागच्या रंगानंतर एका पावसाळ्यात बोल्टच्या डोक्यांभोवती तपकिरी कडं आलं आणि नंबरप्लेटच्या स्क्रूखाली ओघळ. या वेळी काय काय करू? बोल्ट स्टेनलेसचे घेऊ का? फेंडरच्या नटांच्या आट्यांत रंगही गेलाय.

पत्रा_आणि_पाना
आधी थांबा. हवेवर सुकलेला पीयू सहाव्या दिवशी हाताला कडक लागतो, पण आतला थिनर अजून निघत असतो. आत्ता बोल्ट आवळलात तर वॉशरखालचा रंग दबून बाहेर सरकेल, कडेला तडकेल, आणि काही दिवसांनी बोल्टही सैल पडेल. फेंडरच्या आतल्या, न दिसणाऱ्या घडीवर नख दाबून बघा. ठसा उमटला तर हात लावू नका. दमट हवेत दोन-तीन आठवडे धरून चाला.

गंज सुरू होतो तो बोल्टमध्ये नाही, त्याच्या डोक्याने खरवडलेल्या कड्यात. प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअरपर्यंत सगळा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांइतका. डोकं त्यावर दोन फेरे घासलं की पत्रा उघडा. तिथे खारं पाणी शिरलं की डोक्याखालच्या फटीत ते लवकर वाळत नाही.

भोकाची कड हा दुसरा कच्चा दुवा. धारदार कडेवरून ओला रंग मागे ओढला जातो आणि तिथे थर जवळपास उरतच नाही. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने धार मोडा, पुसा, आणि बारीक ब्रशने टू-के इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, भोकाच्या आतून आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी. हार्डनर नसलेल्या, एका डब्याच्या रेड ऑक्साइड प्रायमरवर इथे भागवू नका.

आट्यांत नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवू नका, तो रंगाबरोबर नटाचा धातूही कापतो. ६ मिमीचा जुना बोल्ट घ्या (पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १ मिमी आहे ना ते आधी जुळवून बघा), हॅकसॉने त्याला उभी खाच मारा. मग तो नटात फिरवा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. रंगाचा चुरा खाचेत जमतो. काढून पुसा, परत फिरवा.

नागदेवी_फेरी
स्टेनलेस नको. रंगाला बारीक ओरखडा गेला आणि शेजारी स्टेनलेसचं डोकं असलं, तर खाऱ्या ओलाव्यात त्या ओरखड्यापुरता पत्रा झपाट्याने खाल्ला जातो. ८.८ ग्रेडचा (हा मजबुतीचा आकडा) झिंक केलेला बोल्ट घ्या, मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात सहज मिळतो. डोक्यावर ८.८ उठवलेलं आहे ना, बघून घ्या.

वॉशर बोल्टवर सैल फिरणारा पण निघून न पडणारा हवा. मग डोकं वॉशरवर फिरतं आणि वॉशर रंगावर जागचा हलत नाही. सुटा वॉशर असेल तर बोटाने चाचपा: पंचिंगमुळे एक कड गोलसर असते, दुसरी बोचते. गोलसर बाजू रंगाकडे. ही एवढी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत.

नायलॉनचा वॉशर नंबरप्लेटसारख्या हलक्या कामालाच. बिजागरी, बंपरच्या पट्ट्या, सीटबेल्ट, सस्पेन्शन इथे अजिबात नाही. नायलॉन दाबाखाली हळूहळू बसत जातो आणि बोल्ट ढिला पडतो. चाकाचे नट बसतात त्या जागेवर तर रंगसुद्धा नको.

माहीम_गॅरेजकट्टा
क्रम चुकवू नका. आधी सगळे बोल्ट हाताने तीन-चार आटे लावा, फेंडर-दरवाजाची फट जुळवा, मगच आवळा. परत परत ढिला-घट्ट केलं की तेवढ्या वेळा रंग खरवडतो. इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा, साधा टी-पाना घ्या.

आट्यांना थोडं कॅव्हिटी वॅक्स (पत्र्याच्या पोकळ्यांत मारायचं गंजरोधक मेण) लावा, पण रंगाचं सगळं टचअप संपल्यावरच. वॅक्स किंवा सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. वॅक्स लावलेला आटा सरकतो, त्यामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. ६ मिमीचा ८.८ बोल्ट कोरडा साधारण १० न्यूटन-मीटरला आवळतात. वॅक्स असेल तर ७-८ ला थांबा. पत्र्यावर वेल्ड केलेला नट एकदा निसटला की पुढचं काम वाढतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा.

आवळून झाल्यावर टॉर्च मारून प्रत्येक वॉशरची कड बघा. रंग फुटलेला दिसला तर बोल्ट काढून तिथेच प्रायमर आणि टचअप. शेवटी चाकाच्या कमानीतून, आतल्या बाजूने वॅक्स फवारा. पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका. रबराच्या पट्ट्यांना साधं ग्रीस लागू देऊ नका, त्या फुगतात.

नंबरप्लेटचा स्क्रू स्वतःच पत्रा कापत आत जातो, म्हणून तिथे ओघळ येणारच. भोकाच्या उघड्या कडा इपॉक्सी प्रायमरने झाका आणि भोकात नायलॉनचा चौकोनी नट बसवा. स्क्रू प्लास्टिकमध्ये फिरेल, पत्र्याला लागणार नाही.

वरळी_८००
टी-पाना आहे. अजून पंधरा दिवस थांबतो. हेडलाइटची अर्थ वायर पत्र्यावरच्या बोल्टखाली येते, तिथेही इपॉक्सी?

पत्रा_आणि_पाना
नाही, तिथे उलटं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) तळाएवढाच रंग पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, लग घट्ट आवळा, आणि मग वरून, कडेने वॅक्सचा जाड लेप द्या. लगच्या खाली रंग किंवा नायलॉन राहिला तर हेडलाइट मंद जळेल.