कॅज्युअल्टीत आलेली बाई मारही खाते आणि पितेही. २० मिनिटं बोलून काही होतं का?

एमएसडब्ल्यू_नाशिक

नमस्कार सगळ्यांना. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) शेवटच्या वर्षाला आहे, फिल्डवर्क नाशिकमधल्याच एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत चालू आहे, नाव लिहीत नाही. मध्यंतरी एक ताई आल्या होत्या (तपशील बदललेत), मनगट सुजलेलं, कानामागे जुनी खरचटल्याची खूण, म्हणे बाथरूममध्ये पाय घसरला. नवरा शेजारीच उभा, प्रश्न तिला विचारला की उत्तर हा देतोय. तिच्या तोंडाला दारूचा वास येत होता, बस, तेवढं पुरलं, मावशींपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांचं एकच, "बाई असून पिते, मग मार खाणारच ना". एक्सरे काढला, क्रेप बँडेज बांधलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि ज्याने मारलं असावं त्याच्याच गाडीवर बसून ती घरी गेली. मला त्या रात्री झोप आली नाही.

आता सुपरवायझर मॅडम म्हणतायत की अशा बायकांसाठी छोटं मॉड्यूल तयार कर, २०-२५ मिनिटांचं बोलणं, दारू आणि मारहाण दोन्ही एकत्र धरून, आणि नंतर एक फोन. शोधताना फिलाडेल्फियाचा २०१५ चा अभ्यास मिळाला, नेमकं हेच केलंय त्यांनी, आणि निकाल वाचून हातपायच गळाले, काही फरकच पडला नाही म्हणे. मग मॉड्यूल करायचंच नाही का? आणि बाई पिते हे कळल्यावर आधी दारूवर बोलायचं की मारहाणीवर? कोणी या कामात असेल तर प्लीज सांगा.

समुपदेशक_पंचवटी

व्यसनमुक्तीत बरीच वर्षं काम करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. तो अभ्यास जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला होता, कॅरिन ऱ्होड्स आणि त्यांच्या टीमचा. दोन हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीत आलेल्या ६०० बायका, सगळ्यांना जोडीदाराकडून त्रास आणि सगळ्यांचं पिणंही जास्त. एका गटाशी प्रशिक्षित थेरपिस्टनी २०-३० मिनिटं मोटिव्हेशनल पद्धतीने बोलायचं, म्हणजे उपदेश न करता तिच्याच तोंडून तिची कारणं आणि तिची इच्छा बाहेर येऊ द्यायची, आणि नंतर एक फोन. दुसऱ्या गटाला नुसती माहिती विचारायची. १२ आठवड्यांनी बोलणं झालेल्या गटात आठवड्याभरात मारहाण किंवा छळ झाल्याचं सांगणाऱ्या ५७ टक्क्यांवरून ४३ वर आल्या, ऐकून वाटतं वा, पण नुसते प्रश्न विचारलेल्या गटातही ६३ वरून ४१ वर आल्या. पिण्याचंही तेच, ५१ वरून ४३ आणि ४६ वरून ४१. तिसरा एक गट होता, त्यांच्याशी मधल्या काळात संपर्कच ठेवला नव्हता, त्यांच्याशी ताडून पाहिलं तरी फरक नाही. बाई कॅज्युअल्टीत येते तेव्हा घरातलं सगळं टोकाला गेलेलं असतं, त्यानंतर थोडं निवतंच, ते आपल्या बोलण्यामुळे निवलं असं समजायचं नाही.

पण यावरून "बोलून उपयोग नाही" असं कोणी म्हणत असेल तर मला ते मुळीच पटत नाही. त्या बोलण्याकडून अपेक्षा काय ठेवली होती बघा, मारणं थांबावं. मारणारा तर त्या खोलीत नव्हताच! ती कितीही शहाण्यासारखी वागली तरी हात उचलणारा दुसराच आहे. गोव्यात संगत या संस्थेने उलट बाजूने केलं होतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, जास्त पिणाऱ्या पुरुषांशी साध्या प्रशिक्षित माणसांनी थोडी सेशन्स केली, ३ महिन्यांनी विचारलं तेव्हा ४२ टक्के पुरुषांनी आधीच्या १४ दिवसांत दारू घेतलेली नव्हती, दुसऱ्या गटात १८ टक्के, केवढा फरक आहे, तरी बायकोला मारण्याच्या आकड्यात फरक दिसला नाही. म्हणजे दारू सुटली की मार आपोआप थांबतो ही आपल्याकडची समजूतही तितकीशी खरी नाही. दारूने मार वाढतो हे मात्र खरंय, एनएफएचएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, नवरा वारंवार झिंगून येतो तिथे मार खाणाऱ्या बायकांचं प्रमाण कितीतरी जास्त येतं.

तुमचा प्रश्न, आधी काय. आधी सुरक्षितता, दारू नंतर. आणि "ताई आधी तुम्ही पिणं सोडा मग बघू" हे वाक्य कधीच नको, त्याचा अर्थ तिला एवढाच कळतो की माराला तीच कारण आहे. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्या बाईने एकदम बंद केलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं. किती पिते हे विचारताना "जास्त पिता का" असं विचारू नका, सगळ्या नाहीच म्हणतात. क्वार्टरमध्ये विचारा. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि त्या अभ्यासात बाईसाठी दिवसाला जे जास्त धरलंय, चार अमेरिकन ड्रिंक, ते जवळजवळ तेवढंच भरतं.

निनावी

खातं नवीन काढलंय, नाव विचारू नका. मी ती बाई आहे. म्हणजे तुमच्यावालीच नाही, पण तशीच. मार सुरू झाला तेव्हा मी पीत नव्हते, पुढे तोच म्हणायचा बस माझ्यासोबत घे, नाही म्हटलं तर ताट भिरकवायचा, मग घ्यायला लागले आणि मग लक्षात आलं की घेतल्यावर झोप लागते, दुखत नाही, आणि मग मी एकटीच घ्यायला लागले, तांदळाच्या डब्यात बाटली खुपसून ठेवायचे, मुलगी डब्याला हात लावायला आली की ओरडायचे तिच्यावर. माहेरी सांगितलं तर वहिनी म्हणाली तुझ्याच तोंडाला वास येतो, तुझं कोण ऐकणार.

मला कोणी मॉड्यूल वगैरे केलं नाही. एका सिस्टरने एक्सरेच्या निमित्ताने नवऱ्याला केसपेपर काढायला खाली पाठवलं आणि दार लावून विचारलं, घरी कोणी मारतं का, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, कोणी काहीही म्हणो, यात तुझी चूक नाही. मी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही हो. पुन्हा गेले तेव्हा त्यांनाच शोधत गेले. त्यामुळे बाई पहिल्या वेळी बोलली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, विचारणं सोडू नका. आणि नुसतं गोड बोलू नका, रात्री कुठे जायचं ते सांगा. मुलं कुठे ठेवायची ते सांगा. मला दारू सोडायची होती पण भरती व्हायला सांगितलं तिथे सगळे पुरुष, आणि मुलीला कोणाकडे ठेवू, त्याच्याकडे?

सिडकोकर

ताई तुमची पोस्ट वाचून गलबलून आलं. एक सुचवतो, नवरा पितो ना, त्याला चहातून देण्याची गोळी मिळते, आमच्या शेजारी दिली होती, कळतही नाही आणि दारू सुटते.

समुपदेशक_पंचवटी

@सिडकोकर दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण कृपा करून हे कोणालाही सुचवू नका. ती बहुतेक डायसल्फिराम असते. ती पोटात असताना माणूस प्यायला की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी खाली, हृदयाचा त्रास असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. माणसाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनेच द्यायचं औषध आहे ते. आणि त्याला कळलं की चहात काहीतरी घातलं होतं, तर त्या रात्री त्या बाईचं काय होईल?

@निनावी ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आता दारूसाठी आधार हवा असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, कधीही, फुकट, मराठीत बोलता येतं.

वकीलताई_नाशिकरोड

कायद्याचं सांगते. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात बाई पिते म्हणून तिचा हक्क कमी होतो असं एक अक्षर नाही, समोरचा वकील कोर्टात तिच्या पिण्यावर चिखलफेक करतो हे खरं, तयारी ठेवावी लागते, पण घाबरून अर्जच न करणं चूक. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी कलम १७ खाली तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो, आणि संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कागदावर पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, प्रत्यक्षात लांबतं, ते तिला आधीच सांगा, नाहीतर दोन तारखांत खचते. वकिलाचा खर्च नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००.

राहायची तातडीची सोय वन स्टॉप सेंटरला (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी केंद्र), १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारलं की नाशिकचं सांगतात. पिणारी आहे म्हटलं की काही ठिकाणी काचकूच करतात, म्हणून बाईच्या हातात पत्ता देऊन मोकळं होऊ नका, तुम्ही स्वतः फोन लावून बोला. आणि हॉस्पिटलसाठी महत्त्वाचं, केसपेपरवर "पडून लागले" एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे आम्हाला काही करता येत नाही. तिने सांगितलं असेल तर तिच्या शब्दांत लिहा, कोणी, कशाने, कुठे. जखमेची जागा आणि माप लिहा. नुसतं "दारूचा वास" मोठ्या अक्षरात आणि मार गायब असे पेपर पाहिलेत मी.

एमएसडब्ल्यू_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार, निनावी ताई तुमचे विशेष. मॅडमशी बोलले, मारहाण थांबवण्याचं उद्दिष्टच काढून टाकलं मॉड्यूलमधून. आता एकटीला खोलीत घेणं, विचारणं, धोका किती ते बघणं आणि तिथूनच फोन लावून जोडून देणं, एवढंच. दारूचं बोलणं तिने विषय काढला तर किंवा दुसऱ्या भेटीत. अजून दोन शंका. धोका जास्त आहे हे ओळखायचं कसं? आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली आणि नवऱ्याने पर्स तपासली तर?

समुपदेशक_पंचवटी

गळा दाबला होता का हे न चुकता विचारा. मानेवर वळ नसला तरी आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत, तर डॉक्टरला लगेच बोलवा, आणि एकदा गळा दाबणाऱ्याकडून पुढे जिवे मारलं जाण्याचा धोका खूप जास्त असतो हे तिला स्पष्ट सांगा. शिवाय मारणं हल्ली वाढलंय का, शस्त्र दाखवलं का, मारून टाकीन म्हणाला का, ती सोडून जायच्या विचारात आहे हे त्याला कळलंय का, तिच्या स्वतःच्या मनात जीव द्यायचं येतं का. यातलं काही असेल तर त्या दिवशी तिला घरी पाठवायची घाई करू नका, भरती करता येते का ते डॉक्टरशी बोला. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात २००० पासून सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांचं, हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं दिलासा केंद्र चालू झालं, हॉस्पिटलातच असं काम कसं बसवायचं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

चिठ्ठी नकोच. १८१ आणि ११२ (पोलिसांची तातडीची मदत) छोटे नंबर आहेत, तोंडपाठ करून घ्या, तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. तुमचा नंबर द्यायचा तर टेलर किंवा भिशी अशा नावाने सेव्ह करायला सांगा, आणि तिला आधी विचारा की फोन कोणत्या वेळी केला तर चालेल, कारण तुमचा तो "नंतरचा एक फोन" त्याने उचलला तर काय बोलायचं हेही आधीच ठरलेलं हवं. आमच्याकडे ड्रेसिंगची तारीख सांगायला फोन केलाय असंच म्हणायचं ठरलंय.