विमानतळाच्या गेटात मावण्यासाठी पंख दुमडावेत का?

वैमानिकी (धागाकर्ता)

बोइंग ७७७-९ चा विंगस्पॅन (पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी) उड्डाणात ७१.८ मीटर आणि जमिनीवर टोकं उभी दुमडल्यावर ६४.८५ मीटर. हा दुसरा आकडा मुद्दाम गाठलेला आहे. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या वर्गवारीत ६५ मीटरच्या आतलं विमान कोड ई, त्यापुढे ८० मीटरच्या आतलं कोड एफ. ७७७-३००ईआर आणि एअरबस ए३५० कोड ई गेटांवर लागतात, आणि ७७७-९ ला त्याच गेटांवर लागायचं आहे.

माझ्या मते हाच योग्य मार्ग आहे. वजन, वेग आणि उंची तीच ठेवली तर इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे पंख विमान उचलून धरतो त्याबदल्यात होणारा हवेचा विरोध, स्पॅनच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ६४.८५ ला ७१.८ ने भागून वर्ग केला की ०.८२ येतात, म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग सुमारे १८ टक्क्यांनी कमी. क्रूझमध्ये (उंचीवरच्या सलग उड्डाणात) त्याचा वाटा एकूण ड्रॅगच्या साधारण ४० टक्के धरला, तर एकूण फायदा सात टक्क्यांच्या आसपास जातो. वाढीव पंखाचं वजन त्यातलं काही खाईल. तरीही लांब पल्ल्याच्या विमानासाठी जे उरतं ते सोडून देण्यासारखं नाही.

रिव्हेट

सात टक्के कागदावर ठीक. स्पॅन वाढला की उचल बाहेरच्या बाजूला सरकते, मुळाशी बेंडिंग मोमेंट (पंख वाकवणारा जोर) वाढतो आणि स्पार (पंखातली मुख्य तुळई) नि स्किन (बाहेरचं आवरण) जाड करावी लागते. वर बिजागरी, ॲक्च्युएटर (टोक हलवणारी यंत्रणा), लॅच पिना (टोक अडकवून ठेवणाऱ्या), दुय्यम लॉक, सेन्सर, वायरिंग, आणि तेही पंख जिथे सर्वांत पातळ असतो तिथे बसवायचं. ही यंत्रणा एका फेरीत दोनदा, वीसेक सेकंद काम करणार आणि उरलेला वेळ नुसती वाहून न्यायची.

ए३५० ६४.७५ मीटरांत वर वळवलेल्या टोकांवर काम भागवतं. तिथे दुमडण्यासाठी एकही हलता भाग नाही. शिवाय १९९०च्या दशकात मूळ ७७७ साठीही दुमडत्या पंखाचा पर्याय देऊ केला होता. एकाही एअरलाइनने तो घेतला नाही.

वैमानिकी

तो पर्याय फार वेगळा होता. तेव्हा प्रत्येक बाजूने सहा मीटरपेक्षा जास्त पंख दुमडून विमान ७६७ आणि डीसी-१० च्या गेटात बसवायचं होतं. आता प्रत्येक बाजूचे फक्त साडेतीन मीटर दुमडतात. त्या टोकात इंधन नाही, कंट्रोल सरफेस (विमान वळवणारी हलती पट्टी) नाही, त्यामुळे बिजागरीतून इंधनाच्या नळ्या न्याव्या लागत नाहीत. विंगलेटचं (वर वळवलेल्या टोकाचं) म्हणाल तर उभ्या विंगलेटचा फायदा तेवढ्याच लांबीच्या आडव्या वाढीच्या ढोबळमानाने निम्मा असतो.

आणि टोकाकडचं वजन उड्डाणात उचलीच्या विरुद्ध, खाली ओढतं, त्यामुळे मुळाचा मोमेंट उलट थोडा कमीच होतो. त्या वजनाची खरी चिंता फ्लटरची (वेगात पंख आपोआप वाढत्या जोराने थरथरण्याची) आहे.

एप्रन

दोघांचाही हिशोब हवेतला आहे, म्हणून थोडं जमिनीवरचं मांडतो. कोड ईच्या स्टँडकडे (विमान उभं करण्याच्या जागेकडे) जाणाऱ्या टॅक्सीलेनमध्ये (शेवटच्या मार्गिकेत) मधल्या रेषेपासून अडथळ्यापर्यंत ४० मीटर ठेवतात: अर्धा स्पॅन ३२.५ आणि मोकळी जागा ७.५. उतरल्यावर एखादं टोक दुमडलंच नाही, तर त्या बाजूचा अर्धा स्पॅन ३५.९ मीटर होतो आणि मोकळी जागा ४.१ वर येते. मुख्य टॅक्सीवेवर (धावपट्टीकडून येणाऱ्या मार्गावर) हे अंतर ४३.५ असल्याने तिथे ७.६ मीटर उरतात. म्हणजे विमान धावपट्टीवरून बाहेर येऊ शकतं, अडचण गेटाशीच येते. त्याला कुठे थांबवायचं, शेजारचं कोणतं स्टँड रिकामं करायचं, हे प्रत्येक विमानतळाने आधीच लिहून ठेवायला हवं.

अजून एक: दुमडून रुंदी सुटते, लांबी नाही. ७७७-९ ची लांबी ७६.७ मीटर, ७७७-३००ईआरची ७३.९. स्टँड आखूड असेल तर शेपूट मागच्या टॅक्सीलेनमध्ये येईल, आणि पंख कितीही दुमडले तरी ते गेट उपयोगाचं नाही.

तरी मी दुमडण्याच्याच बाजूने. ए३८० ला ८० मीटरच्या चौकटीत बसवताना त्याचा ॲस्पेक्ट रेशो (पंखाच्या लांबीचं रुंदीशी गुणोत्तर; ते जितकं जास्त तितका इंड्यूस्ड ड्रॅग कमी) साडेसातच्या आसपास राहिला. गेटाच्या मर्यादेची किंमत ते विमान प्रत्येक उड्डाणात इंधनाने मोजतं.

रिव्हेट

टोक दुमडलं नाही तर खोळंबा होतो, हे मान्य. पण टोक उघडून लॉक झालंच नाही आणि विमान टेकऑफला निघालं, तर गोष्ट खोळंब्यावर थांबत नाही. नेहमीच्या नियमांत यासाठी तरतूदच नव्हती, म्हणून अमेरिकेच्या विमान नियामक एफएएला २०१८ मध्ये विशेष अटी काढाव्या लागल्या.

वैमानिकी

आणि त्या अटी नेमक्या तुमच्याच शंकेवर आहेत. टोक नीट लॉक नसेल तर वैमानिकाला एकापेक्षा जास्त मार्गांनी इशारा मिळायला हवा आणि टेकऑफ रोखण्याची सोय हवी. हवेत लॉक सुटता कामा नये. जमिनीवर दुमडलेल्या टोकाने कोणत्याही दिशेने येणारा ६५ नॉटचा झोत सोसला पाहिजे. फ्लॅप आणि स्लॅट (पंखाच्या मागच्या-पुढच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) टेकऑफच्या स्थितीत नसतील तर विमान आजही इशारा देतंच. हाही त्याच जातीचा प्रश्न आहे.

एप्रन

पुढचा खरा वाद छोट्या विमानांवर होईल. ए३२०निओ ३५.८ मीटर, ७३७ मॅक्स ३५.९, कोड सीची मर्यादा ३६. ४२ मीटर स्पॅनचा पंख न दुमडता आणला तर विमान कोड डीमध्ये जातं आणि शेजाऱ्यापासूनची मोकळी जागाही ४.५ वरून ७.५ होते. ५०० मीटरच्या रांगेत ४०.५ (३६ + ४.५) च्या हिशोबाने बारा विमानं लागतात, ४९.५ (४२ + ७.५) ने दहा. दोन गेटं कायमची गमवायला कोणता विमानतळ तयार होईल?

रिव्हेट

तिथे तर माझा विरोध अधिक आहे. दिवसाला सहा फेऱ्या धरल्या तर प्रत्येक बिजागरी बारा वेळा हलणार. पिना आणि बुश (पिनेभोवतीचं अस्तर) झिजून सांध्यात खेळ (ढिलाई) आला की फ्लटरचं गणित बदलतं, म्हणजे तो खेळ ठरावीक मुदतीने मोजत राहणं आलं. छोट्या फेरीत क्रूझ कमी, त्यामुळे दर दुमडण्यामागे वाचणारं इंधनही कमी. लांब पल्ल्याला कदाचित जमेल. एका तासाच्या फेरीसाठी, झिजेचे आकडे समोर आल्याशिवाय, मला हे पटणार नाही.