‘माइल्ड’ सिगार : हलका, सौम्य की मवाळ?

प्रश्न
कॅरिबियन बेटांवरच्या तंबाखूधंद्याविषयीचा एक लेख मराठीत आणते आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या ‘माइल्ड हँडमेड’ सिगारांचं नाव, खोका, कागदी पट्टी यांवर त्यात बरंच आहे. ‘हलका’ लिहिलं तर माल हलक्या प्रतीचा वाटतो. ‘सौम्य’ चालेल का? ‘हस्तनिर्मित’ फार सरकारी वाटतं. आणि सिगार तो की ती?

प्रतिसाद १
सौम्य बिनधास्त वापरा. माझ्या कानाला सिगार पुल्लिंगी : सिगार पेटवला, विझला. सिगरेट मात्र ती.

प्रतिसाद २
‘सौम्य’ला माझा विरोध आहे. सौम्य औषध, सौम्य लक्षणं या वापरामुळे वाचकाच्या मनात ‘अपाय कमी’ असंच येणार. सिगारवाले माइल्ड म्हणतात ते चव आणि तंबाखूची किक यांबद्दल. धूर काही निरुपद्रवी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या ११व्या कलमात दिशाभूल करणाऱ्या शब्दांची उदाहरणं दिली आहेत, त्यांत ‘लाइट’च्या जोडीला ‘माइल्ड’ही आहे. भारताने हा करार २००४ मध्ये स्वीकारला. तीच दिशाभूल आपण मराठीत नव्याने कशाला करायची?

मुळात जोर ठरतो तो पान झाडावर कुठे आलं यावरून. बुडाकडची पानं ‘वोलादो’, मधली ‘सेको’, शेंड्याकडची ‘लिहेरो’. लिहेरोला ऊन भरपूर मिळतं. पान जाड, तेलकट होतं, जळतंही संथ. सगळ्यांत जहाल तेच, आणि स्पॅनिशमध्ये ‘लिहेरो’चा अर्थ मात्र ‘हलका’! म्हणून शब्दशः भाषांतरावर विसंबू नका. माइल्ड सिगारच्या गाभ्यात लिहेरो जेमतेम किंवा अजिबात नसतं, आणि वरून बहुधा कापडाच्या सावलीत वाढवलेलं पातळ, फिकट पान.

‘मकानूडो’ हे यातलं ठळक नाव. मूळचा जमैकाचा हा सिगार १९७१ पासून अमेरिकेच्या बाजारात आला. आता तो डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान्तियागोत होतो. वरचं पान कनेटिकटचं, सावलीतलं. अर्जेंटिनाच्या बोलीत ‘मकानूडो’ म्हणजे झकास. नावात जोराचा उल्लेखच नाही; मवाळपणा गिऱ्हाइकाला पानाच्या फिकट रंगावरून जाणवतो. रंगावर फार भरवसाही ठेवू नये म्हणा, कारण जास्त आंबवलेलं काळपट ‘मादुरो’ पान पुष्कळदा गोडसर लागतं.

माझा शब्द ‘मवाळ’. जहाल तंबाखू आपण म्हणतोच, आणि टिळक-गोखल्यांच्या काळापासून जहाल-मवाळ ही जोडी मराठीत रुळलेली आहे. फक्त ‘चवीला मवाळ’ असं पूर्ण लिहा, म्हणजे प्रकृतीशी गल्लत होणार नाही.

प्रतिसाद ३
मवाळला माझंही मत. ‘हँडमेड’साठी ‘हातवळणीचा’ घ्या. सोलापूरकडे विड्या वळतात, ‘निर्माण’ कोणी करत नाही. सिगार वळणाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘तोर्सेदोर’ म्हणतात. ‘तोर्सेर’ म्हणजे पिळणं, वळणं. शब्द अगदी चपखल बसतो.

कामही तसंच आहे. गाभ्याची अख्खी पानं दुमडून मुठीत अशी जुळवायची की मधून हवा खेळली पाहिजे. त्याभोवती बांधपान गुंडाळून लाकडी साच्यात दाबायचं. मग ‘चावेता’ या बिनमुठीच्या बाकदार पात्याने वरचं पान कापायचं, तिरकं ओढत गुंडाळायचं आणि टोकाला डिंकाने टोपी चिकटवायची. दाब जास्त झाला तर सिगार ओढलाच जात नाही. कारागिराचं कसब इथे दिसतं, म्हणून ‘हात’ आणि ‘वळण’ दोन्ही शब्दात असलेले बरे.

कागदी पट्टीला स्पॅनिशमध्ये ‘आनिया’ म्हणतात, म्हणजे छोटी अंगठी. मी ‘कागदी कडं’ लिहीन.

प्रश्नकर्ती
‘कडं’ फार आवडलं, घेतलं. ओळ अशी केली : ‘डॉमिनिकन रिपब्लिकचा हातवळणीचा, चवीला मवाळ सिगार.’ ब्रँडचं नाव आहे तसंच ठेवते. सिगारऐवजी ‘चिरूट’ लिहू का? जुना शब्द आहे.

प्रतिसाद २
नको. चिरूट तमिळ ‘सुरुट्टु’वरून आलेला, म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट प्रसिद्ध होते. त्याची दोन्ही टोकं उघडी असतात, टोपी नसते. तुमच्या लेखातल्या सिगारला टोपी आहे, तेव्हा सिगारच राहू द्या.