'डेथ मास्क'ला मराठी शब्द काय?

संगीतकार बीथोव्हेनवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'डेथ मास्क' पुन्हा पुन्हा येतो. 'मुखवटा' बसेना. गौरींचे मुखवटे, नाहीतर नाटकातले डोळ्यांपुढे येतात. हा तर मृताच्या चेहऱ्यावरून घेतलेला प्लास्टरचा नमुना. काही सुचतं का?

—

'मृत्युमुखवटा' वाचलाय. समासात 'त्यु' ऱ्हस्व, मृत्युपत्रातल्यासारखा. पण मोठ्याने वाचताना 'मृत्युमुखी' ऐकू येतं आणि वाक्य अडखळतं. मी 'मुखठसा' म्हणेन. बोटांचा ठसा, तसा चेहऱ्याचा. काम चालतंही तसंच: चेहऱ्याला तेल लावायचं, प्लास्टरचा थर द्यायचा, घट्ट झाला की अलगद उचलायचा. हा साचा. त्यात पुन्हा प्लास्टर ओतलं की चेहरा मिळतो.

—

नुसत्या 'मुखठसा'ने भागणार नाही, कारण बीथोव्हेनचे दोन आहेत! पहिला १८१२चा, शिल्पकार फ्रान्झ क्लाइनने अर्धपुतळ्यासाठी त्याच्या हयातीत घेतलेला. घट्ट मिटलेले ओठ, त्वचेवरचे खड्डेसुद्धा स्पष्ट. भिंतींवर टांगतात तो बहुतेक हाच आणि पुष्कळ जण त्यालाच डेथ मास्क समजतात. खरा डेथ मास्क चित्रकार योझेफ डानहाउझरने व्हिएन्नात घेतला. मृत्यू २६ मार्च १८२७चा, ठसा २८ तारखेचा. मधल्या दिवशी शवविच्छेदन झालं, बहिरेपणाचं कारण शोधायला कानांजवळची हाडं काढली गेली, त्यामुळे चेहरा पार बदलला. अनुवादात हा फरक पुसला गेला तर वाचक चुकीच्या चेहऱ्याकडे बघत राहील. अंत्यदर्शन, अंत्ययात्रा आहेतच आपल्याकडे, तसा 'अंत्यठसा' करा. १८१२च्या ठशाला 'हयातीतला मुखठसा'.

—

'अंत्यठसा' फार आवडला. संगीतकार शोपँच्या ठशालाही चालेल? १८४९मध्ये पॅरिसमध्ये तो वारला तेव्हा शिल्पकार क्लेसँजेने चेहऱ्याबरोबर हाताचाही घेतला होता.

—

हाताला तर उत्तमच, 'मुख' नाही ना त्यात! चेहऱ्याचं मात्र जरा वेगळं. पहिल्या ठशात मरणयातना इतक्या दिसत होत्या की घरच्यांनी तो नाकारला, मग क्लेसँजेने सौम्य चेहऱ्याचा दुसरा केला. त्या दुसऱ्याला मी 'मुखवटा'च म्हणेन, त्यावर शिल्पकाराचा हात फिरलाय. पहिल्याला 'अंत्यठसा'. दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येऊ द्या, वाचकाला फरक कळेल.