मदत हवी आहे: सायकलने हिमाचलच्या स्पितीला निघायला 16 दिवस राहिलेत आणि मागच्या चाकात हवा टिकत नाहीये

खाडीपल्याड (शनिवार, रात्री 11:20)
लोकहो, लवकर मदत करा, आठवडाभर डोकं फिरलंय. मागच्या चाकात संध्याकाळी हवा भरली की सकाळी टायर चपटा. ट्यूबलेस टायर आहे, आतून भोकं बुजवणारं सीलंट दोनदा घालून झालं, चाक हलवलं, गरगर फिरवलं, रात्रभर आडवं करून बादलीवर ठेवलं, मग उलटं करून ठेवलं, काही उपयोग नाही. पुढचं चाक एकदम ओके, पंधरा दिवसांत पंप लावला नाही. तिकिटं काढलीयत, रजा मंजूर झालीय. कोणतं सीलंट चांगलं तेवढं सांगा, आज रात्रीच ऑर्डर टाकतो, इकडे कुरिअर यायला पाच-सहा दिवस सहज जातात. आणि प्लीज, "जवळच्या दुकानात दाखव" नको, इथे ट्यूबलेस म्हटलं की मोटरसायकलवाल्याकडे पाठवतात.

घाटउतार
टायर केवढा? रिम ट्यूबलेसची आहे की साध्या रिमवर प्रयोग केलाय? हवेचा दाब किती पीएसआय ठेवता? कधी निघताय, कुठल्या बाजूने चढताय?

खाडीपल्याड
ग्रॅव्हल बाईकच आहे हो, कच्च्या रस्त्याची सायकल, स्पितीला काय रोड बाईक घेऊन जाणार का. गणपतीनंतर निघतोय. सीलंटचं नाव सांगा ना कोणीतरी.

देवगडी
अरे टायर केवढो ता इचारल्यानी त्येंनी, तू सायकलीची जात सांगतस. आणि गणपतीनंतर म्हणजे कधी रे? आमच्याकडे एकवीस दिवसांचोय असता.

खाडीपल्याड
गौरीबरोबर जाणारा आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस, निजामुद्दीन, मग कालका. टायर 700 बाय 40. रिमवर ट्यूबलेस रेडी लिहिलंय. सिमल्याकडून चढून काझा, मग कुंझुम खिंड उतरून मनाली. एकटाच आहे.

बुलेटराजे
आम्ही चौघे बुलेटवर जाऊन आलो, एक नंबर अनुभव. भावा, टायरचं टेन्शन घेऊ नकोस, डोकेदुखीचं घे. काझा 3650 मीटरच्या वर आहे, एकाला पहिल्याच रात्री उलट्या सुरू झाल्या. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळ्या ठेव. आणि काझ्याला पेट्रोल पंप आहे तिथे टाकी फुल करून घे, पुढे मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत पंप नाही.

खाडीपल्याड
सायकल आहे दादा.

ट्यूबच_बरी
सीलंटचा नाद सोडा. पन्नास वर्षं सायकल चालवतोय, आंबा घाट, अणुस्कुरा, करूळ सगळं ट्यूबवर केलं. पंक्चर झालं तर सोल्युशन, ठिगळ, दहा मिनिटांत पुढे. ट्यूबलेस हे विकणाऱ्यांनी काढलेलं खूळ आहे. मी मागे एका मुलाला हेच सांगितलं, त्याने ऐकलं नाही, आणि पाचल गावाच्या अलीकडे सीलंटने माखलेला टायर मांडीवर घेऊन बसला होता, शर्ट पण गेला आणि दिवस पण गेला.

घाटउतार
काका, ठिगळ मला पण लावता येतं, पण 40 मिलिमीटर रुंद टायरमध्ये ट्यूब टाकून कमी हवेवर दगडातून उतरलात की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते, साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ते टाळायला 45-50 भरा म्हटलं की मग हाताची सालटी निघेपर्यंत दणके. कुंझुम उतरल्यावर बातल ते ग्रांफू 50 एक किलोमीटर दगडगोटेच आहेत.

ट्यूबच_बरी
आम्हाला बसले नाहीत दणके कधी.

देवगडी
तेव्हा रस्तेच नव्हते काका, सवय होती.

पाव_किलो_हवा
ट्यूब असो नाहीतर ट्यूबलेस, वर गेल्यावर टायर फुटतो हे कोणी सांगितलं का याला? बाहेरची हवा विरळ झाली की आतली फुगते. इथून निम्मीच हवा भरून जा.

घाटउतार
हे दर वर्षी कोणीतरी लिहितं. 4500 मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 57 टक्के असतो. म्हणजे इथे 38 दाखवणारा टायर तिथे फार तर 44 दाखवेल, वर थंडीने थोडा उतरेल. त्याने टायर फुटत नाही. निम्मी हवा भरून निघालात तर सिमल्याच्या पुढच्या रामपूरच्या आधीच रिम वाकेल.
खाडीपल्याड, सीलंटचं नाव विसरा जरा. टायर 38 पर्यंत भरा, स्पंजने साबणाचं पाणी सगळीकडे लावा, नुसतं टायरला नाही, रिमला, व्हॉल्वच्या बुडाला आणि प्रत्येक तार रिमला जिथे आवळलेली असते त्या निप्पलला. बुडबुडे कुठे येतात ते सांगा.

सडा_भटक्या
गंमत वाटते, दोन हजार किलोमीटर जाऊन लोक कोरडे डोंगर बघतात. पाऊस संपला की आपल्या कोकणातल्या सड्यावर, कातळाच्या पठारावर या, जांभ्याच्या कच्च्या वाटा सायकलला याहून काय चांगल्या असणार. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती 18 मीटर लांब आहे, जवळ उभं राहिलं तर कळतच नाही की आपण हत्तीच्या पोटावर उभे आहोत. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली ही शिल्पं आणि आपली पोरं चाललीत हिमाचलला.

देवगडी
मे महिन्यात सड्यावर सायकल चालवलस काय कधी? स्पितीपेक्षा कोरडा असता ता.

खाडीपल्याड (रविवार, दुपारी 4:05)
केलं. पडवीत पाटावर बसून, आई ओरडतेय कारण कोपऱ्यात मखराचे पुठ्ठे वाळत घातलेत आणि मी साबणाचं पाणी उडवतोय. टायरला कुठेच बुडबुडा नाही. व्हॉल्वपाशी बारीक फेस येतोय, आणि व्हॉल्वपासून सातव्या की आठव्या तारेच्या निप्पलमधून तर मोठे मोठे येतायत, एक फुटला की दुसरा. म्हणजे रिमला भोक पडलंय का? नवीन रिम घ्यायची? माझ्याकडे एवढे पैसे नाहीत आत्ता.

घाटउतार
रिम ठीक आहे. टेप गेलीय. रिमच्या आत तारांची भोकं झाकायला जी टेप असते ती तिथे फाटलीय किंवा उचललीय. हवा टेपखालून रिमच्या पोकळीत शिरते आणि मग जिथे वाट मिळेल तिथून, निप्पलमधून, व्हॉल्वच्या भोकातून बाहेर पडते. सीलंट कितीही चांगलं घाला, तेही तिकडेच जाणार. दोन बाटल्या तुमच्या रिमच्या पोटात आहेत. या चाकाचं काही काम केलं होतं का मध्ये?

खाडीपल्याड
नाही, विशेष काही नाही. जूनमध्ये आंबा घाटात एक तार तुटली होती, साखरप्याला एकाने बसवून दिली. चांगला माणूस होता, पैसे पण घेत नव्हता.

घाटउतार
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं!! निप्पल बदलायला टेप उचलली असणार आणि तीच परत चिकटवली. पावसात, ओल्या हाताने. ती पुन्हा धरत नाही.

खाडीपल्याड
तार आणि हवेचा काय संबंध असेल असं वाटलं मला. त्याने टेप अंगठ्याने दाबून दाबून बसवली होती, मी बघत होतो.

जुगाडू
वीजवाल्याची काळी टेप लाव तीन फेरे, वीस रुपयात काम. माझ्या माउंटन बाईकला, एमटीबीला, वर्षभर आहे.

घाटउतार
तुमच्या एमटीबीत ट्यूब आहे की ट्यूबलेस?

जुगाडू
ट्यूब. पण टेप तर टेपच ना.

घाटउतार
नाही. ट्यूबखाली काहीही चालतं. ट्यूबलेसमध्ये काळ्या टेपचा गोंद सीलंटने आणि गरमीने सुटतो, चिखल होतो नुसता. रिमची आतली रुंदी मोजा, त्याच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद ट्यूबलेस टेप मागवा. जुनी काढा, गोंद स्पिरिटने पुसा, रिम पूर्ण वाळवा, पोकळीतलं सीलंट आणि पाणी निथळू द्या एक दिवस. मग ताणून दोन फेरे. आणि लगेच सीलंट घालू नका, आधी ट्यूब टाकून रात्रभर फुगवून ठेवा म्हणजे टेप खोबणीत बसते.

दापोलीची_ताई
मी दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्येच स्पिती केली होती, सिमल्याकडूनच, आणि तीच बाजू बरोबर आहे कारण रामपूर जेमतेम हजार मीटरवर, नाको 3600च्या आसपास, असं हळूहळू चढतो आपण. मनालीकडून गेलात तर एकदम कुंझुमच्या 4550 मीटरवर जाऊन पडता. टेप बदलच पण ट्यूबा दोन ने, काका पूर्ण चुकीचे नाहीत, ताबोच्या पुढे नदीकाठी छरमाची काटेरी झुडपं आहेत, रस्त्याकडेला छाटून टाकलेल्या फांद्यांवरून मी गेले आणि काटा बाजूच्या भिंतीत गेला, तिथे सीलंट धरत नाही. काट्याचं टोक आतून चिमट्याने काढल्याशिवाय ट्यूब टाकू नकोस, मी टाकली होती, वीस मिनिटांत दुसरी ट्यूब पण गेली. बातलच्या पुढचे नाले सकाळी लवकर पार कर, दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं. आणि तुझे व्हॉल्व बारीक असतील तर पितळी अडॅप्टर घे, तिकडे ट्रकवाल्यांकडे हवा मिळते पण त्यांची नळी बारीक व्हॉल्वला बसत नाही.

ट्यूबच_बरी
"पूर्ण चुकीचे नाहीत." धन्यवाद.

खाडीपल्याड
ताई खूप आभार. गिअरचं पण विचारायचं होतं, पुढे 40 दात मागे मोठं 42, पुरेल का? सामान धरून 14 किलो होतंय.

दापोलीची_ताई
माझं 40 ला 40 होतं आणि नाकोच्या चढाला दोनदा उतरून ढकलली. पुरेल. सामान कमी कर.

बुलेटराजे
सामान आमच्या ग्रुपच्या गाडीतून पाठवायचं का, आम्ही ऑक्टोबरमध्ये परत जाणार आहोत.

देवगडी
तो सप्टेंबरात जातलो, सामान ऑक्टोबरात.

खाडीपल्याड (पुढचा शनिवार, रात्री 10:40)
अपडेट. टेप गुरुवारी आली. जुनी टेप काढली तर आठव्या भोकावर अंगठ्याच्या नखाएवढी सुरकुती होती आणि खाली गंजाचं पाणी, रिम उभी धरली तर व्हॉल्वच्या भोकातून वाटीभर पांढरं दूध गळलं, सीलंट आणि पाऊस एकत्र. दोन दिवस माळ्यावर वाळवली. रात्रभर ट्यूब फुगवून ठेवली. टायर काही हातपंपाने रिमच्या कडेला बसेना, शंभर सव्वाशे दणके मारले, नुसता फुसफुसतोय. शेवटी मोटरसायकलवाल्याकडेच गेलो. व्हॉल्वचा गाभा काढून कॉम्प्रेसर लावला, आधी एका बाजूने टक, मग दुसऱ्या बाजूने एवढ्या जोरात की त्याचा पोऱ्या मागे सरकला. आता 60 मिली सीलंट, काल 38 भरली, आज 36. चालेल ना?

घाटउतार
दिवसाला दोन चालेल, पहिल्या दोन-तीन दिवसांत थांबतं. एक मोठी चक्कर मारा, जयगडला फेरीने पलीकडे जाऊन तवसाळ, हेदवी करून या. भरलेल्या सामानासकट.

सडा_भटक्या
किंवा सड्यावर या.

खाडीपल्याड
सड्यावर गुडघाभर गवत आहे आत्ता दादा. हेदवीला जाऊन आलो, पावसात, 71 किलोमीटर, परत आल्यावर 35. आता गणपती, सायकलला हात लावायला वेळ नाही.

ट्यूबच_बरी
ट्यूबा घेतल्या का दोन?

खाडीपल्याड
घेतल्या काका.

खाडीपल्याड (गाडीतून)
निघालो. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी रांगतेय. दोन्ही चाकं काढून सायकल बॅगेत घातली, दारापाशी उभी केलीय, टीसी बघून गेला, काही बोलला नाही.

घाटउतार
हवा पूर्ण काढलीत की काय? टायर रिमवरून सुटला तर सिमल्याला परत कॉम्प्रेसर शोधावा लागेल.

खाडीपल्याड
पंधराएक ठेवलीय. आत्ताच बॅगेत हात घालून दाबून बघितला. मागचा पण आहे.