नुनावुतचे आमदार ‘अपक्ष’ म्हणावेत का?

प्रश्न : कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत या इनुइटबहुल (इनुइट म्हणजे तेथील मूळ रहिवासी) प्रदेशाच्या विधानसभेत एकही राजकीय पक्ष नाही. अशा सभागृहातील सर्व सदस्यांना ‘अपक्ष’ आणि त्यांच्या मंत्रिमंडळाला ‘सर्वपक्षीय सरकार’ म्हटलेले योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. ‘सर्वपक्षीय’ तर सरळच चूक आहे, कारण जेथे पक्षच नाहीत तेथे सर्व पक्ष एकत्र येणार कोठून? ‘अपक्ष’मधील अडचण मात्र सूक्ष्म आहे. मराठीत अपक्ष म्हणजे पक्षांच्या निवडणुकीत पक्षाबाहेर राहून उभा असलेला उमेदवार. या शब्दामागे पक्षांचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. नुनावुतमध्ये २२ मतदारसंघांतून प्रत्येक उमेदवार स्वतःच्या नावावरच निवडून येतो. आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूकही पक्षचिन्हावर होत नाही, पण तेथे पॅनेल असते. नुनावुतमध्ये तेही नाही. म्हणून ‘पक्षविरहित विधानसभा’ हा शब्दप्रयोग मला अधिक नेमका वाटतो.

पुन्हा प्रश्न : मग मुख्यमंत्री ठरतो कसा? आणि या पद्धतीला ‘एकमताचे सरकार’ म्हणता येईल का?

उत्तर : निवडणुकीनंतर सर्व सदस्य एकत्र बसतात आणि गुप्त मतदानाने प्रथम सभापती, मग प्रीमियर व त्यानंतर मंत्री निवडतात, कोणाला कोणते खाते द्यायचे, एवढेच प्रीमियर ठरवतो. प्रीमियरला ‘मुख्यमंत्री’ म्हणण्यास हरकत नाही, मात्र आपले सहकारी निवडण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो हे वाचकाला सांगितले पाहिजे. मंत्री नसलेल्या सदस्यांची संख्या मंत्र्यांपेक्षा अधिक असल्याने मंत्रिमंडळ कायमच अल्पमतात असते. विरोधी पक्ष नाही म्हणून विरोध नाही, असा समज करून घेऊ नये : नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रीमियर म्हणून निवडून आलेले पॉल क्वासा यांना सदस्यांनी अविश्वास ठराव संमत करून जून २०१८ मध्येच पदावरून दूर केले होते. त्यामुळे ‘एकमत’ हा शब्द येथे टिकत नाही. निर्णय अखेर बहुमतानेही होतात. त्याआधी सर्वांचे ऐकून घेत मार्ग काढण्याची रीत असते, आणि इनुइट समाजाच्या मूल्यांमध्ये तिला ‘आजीकतिगीनिक’, म्हणजे चर्चेतून सहमतीने निर्णय घेणे, असे स्वतंत्र नाव आहे. मराठीत ‘सहमती’ हा शब्द त्याच्या सर्वांत जवळचा आहे. तथापि ‘सहमतीचे सरकार’ म्हटल्यास आपल्याकडील वाचकाला आघाडी सरकार आठवेल; म्हणून ‘सहमतीची शासनपद्धती’ असे लिहावे, हे मी आग्रहाने सुचवतो.

एक पुरवणी : नुनावुतला ‘राज्य’ म्हणणे चुकीचे ठरेल. १ एप्रिल १९९९ रोजी वायव्य प्रदेशातून वेगळ्या झालेल्या या प्रदेशाचे अधिकार प्रांतांप्रमाणे संविधानातून येत नाहीत, तर संघीय संसदेने १९९३ मध्ये केलेल्या कायद्यातून येतात. ‘केंद्रशासित’ म्हणावे तर दैनंदिन कारभार तेथील निवडून आलेले मंत्रिमंडळच पाहते. जमीन व खनिजांवरील अधिकार नुनावुतकडे सोपवण्याच्या करारावरही १८ जानेवारी २०२४ रोजी इकालुइत या राजधानीत स्वाक्षऱ्या झाल्या आहेत. तेव्हा नुसते ‘प्रदेश’ लिहावे. इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत ‘नुनावुत’चा अर्थच ‘आमची भूमी’ असा आहे.